नगरभवनातला पाळणा

"मूल रडलं नाही, तर समारंभ झालाच नाही असं समजायचं," व्लास्ता मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आमच्या ओलोमोउत्स या चेक शहराच्या नगरभवनात शनिवारी सकाळी नव्या बाळांचं स्वागत असतं. उपमहापौर चार शब्द बोलतात, मी पियानो वाजवते. व्लास्ता आईच्या हातून बाळ घेते, त्याचं नाव पुकारते आणि त्याला कोरीव पाळण्यात ठेवते. मग फोटो. अर्धं शहर तिच्या हातून त्या पाळण्यात गेलं असेल. मिसरूड फुटलेली पोरं चौकात तिला नमस्कार करतात. ती म्हणते, "ओळखलं रे! माझ्या नव्या झग्यावर ओकला होतास तू."

लग्नंही त्याच दालनात लागतात. तिच्या एकुलत्या एक मुलीचं, रादानाचं, दोन वर्षांपूर्वी तिथंच लागलं. मुलगा रोमा वस्तीतला, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात त्यांच्यातला, गेझा नावाचा, ट्रामचे रूळ दुरुस्त करणारा. व्लास्तानं त्या दिवशी रजा टाकली आणि ती जंगलात अळंबी वेचायला गेली. संध्याकाळी टोपली घेऊन माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात बसून अळंबी साफ करत राहिली. मी म्हटलं, "पोरगी सारखी दाराकडे बघत होती गं." ती म्हणाली, "यंदा पाऊस बरा झालाय. बघ, एकही किडकं नाही."

दिवस गेल्याचं सांगायला रादानानं फोन केला, तेव्हा व्लास्ता म्हणाली, "बघू, रंग कुणाचा घेतंय." त्यानंतर फोन आला नाही. बाळ झाल्याचं तिला चौकातल्या भाजीवालीकडून कळलं.

आणि मग कचेरीतून कळलं, की या शनिवारच्या बाळांत शिमोन आहे. रादानाचा शिमोन.

त्या सकाळी व्लास्ता केस सेट करून आली. "काय गं, उपमहापौरांशी लग्न ठरलं की काय?" मी विचारलं.

"गप बस. तो आधीच दोघींना पुरून उरलाय." मग पियानोवर कोपर टेकून, हळूच म्हणाली, "आज सावकाश वाजव. मला त्याला जरा वेळ धरता आलं पाहिजे. एवढंच. बाकी काही मागत नाही मी."

तिचे ओठ कोरडे पडले होते. मी पाणी दिलं, तर तिनं ते खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.

दोन बाळं झाली. तिसरी रादाना उठली. शेजारी गेझा, त्याच्या मागे त्याची आई अरान्का, काळ्या रेशमी झग्यात, लग्नाला निघाल्यासारखी. व्लास्तानं दोन्ही हात पुढे केले. मी स्वर लांबवला.

"तुम्ही नको," रादाना म्हणाली. "माझ्या सासूबाई ठेवतील."

तुम्ही. परक्या बाईला, खिडकीमागच्या कारकुनाला म्हणावं तसं.

"अगं, घेऊ दे की तिला," अरान्का कुजबुजली. "तिच्या पोटच्या पोरीचं आहे."

"नको, माई. तूच."

व्लास्ताचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले, मग तिनं ते खाली घेतले. तिनं नाव पुकारलं, नवऱ्याकडच्या आडनावासकट, एकही अक्षर न गाळता. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. अरान्कानं बाळ पाळण्यात ठेवलं. आईबाप दोन बाजूंना उभे राहिले.

"बाई, जरा सरकता का?" फोटोग्राफर म्हणाला. नवा होता बिचारा. "फोटोत येताय तुम्ही."

ती सरकली.

शेवटचं बाळ मात्र तिनं नीट हातात घेतलं, पाळण्यात ठेवलं, झोकाही दिला. मी काय वाजवलं ते मला आठवत नाही.

नंतर बाजूच्या खोलीत पाव-अंड्याच्या बशा फिरत होत्या. अरान्का बाळाला घेऊन व्लास्ताकडे आली. "माझाच हट्ट होता इथं यायचा," ती म्हणाली. "आमच्या घरातलं एकही पोर कधी या पाळण्यात गेलं नव्हतं. म्हटलं, हा तरी जाऊ दे. तुम्ही इथं असता हे मला ठाऊक नव्हतं हो, देवाशपथ. बघा तरी. कान अगदी तुमचे घेतलेत."

तिनं टोपडं मागे सारलं. व्लास्ता वाकली. तिचं एक बोट त्या कानाच्या पाळीपर्यंत गेलं, आणि तेवढ्यात तिनं वर पाहिलं.

रादाना दारात उभी होती. रागावलेलीही नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, आई काय बोलते याची. गेझानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोन वर्षं जे कुणी मागितलं नव्हतं आणि कुणी दिलं नव्हतं, ते एक वाक्य त्या दोघींच्या मध्ये येऊन उभं राहिलं. व्लास्ताचे ओठ हललेसुद्धा. हजारो अनोळखी बाळांची नावं ज्या तोंडानं पुकारली होती, त्यातून काही येईना.

तिनं बोट मागे घेतलं. खुंटीवरचा कोट काढला, त्याची एक बाही तिला सापडेना. अरान्कानं ती धरून दिली. मग रादानाच्या अगदी जवळून, धक्का लागू न देता, व्लास्ता दाराबाहेर निघून गेली.