विमानाच्या दारापर्यंत

विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या त्या बाईला सगळे ‘तोफ’ म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. तिचा खरा राग सोंगाड्यांवर. रांग चुकवायला खुर्ची मागायची आणि अत्तराचं दुकान दिसलं की टुणकन उठायचं! “इथल्या हवेला गुण आहे हो,” ती ऐकवायची.

त्या दिवशी खुर्चीत तिची थोरली बहीण होती. आईच्या मागं हिनंच तोफेला वाढवलं. आता ताई परदेशी, मुलाकडे कायमची निघाली होती. खुर्ची त्यानंच सांगितलेली.

“ताईसाहेबांची वरात!” तोफ सरकत्या पट्ट्यावरून खुर्ची नेत म्हणाली. “परवापर्यंत फोनवर मला दटावत होतीस, आणि आज पाय दुखले होय?”

ताई नुसती हसली.

तपासणीपाशी पोलीसबाई म्हणाली, “आजी, जरा उभ्या राहा.” ताईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. उठली नाही. तोफेनं थट्टेनं तिला काखेत धरून उचललं, तर पाय चिंध्यांसारखे लोंबले. तोफेनं तिला अलगद परत खुर्चीत बसवलं. बसल्याजागीच तपासणी झाली.

“कधीपासून?” बाजूला येताच तिनं विचारलं.

“पावसाळ्यापासून. शेजारीण करते सगळं. कुणाला सांगू नकोस. चालता न येणाऱ्याला सोबतीशिवाय विमानात घेत नाहीत म्हणे.”

घेत नाहीतच. तोफेहून ते कुणाला जास्त ठाऊक? मग ती मुकाट्यानं ढकलत राहिली. आपण केलेली थट्टा आठवून तिला स्वतःची चीड येत होती. काही झालं तरी ताईला पोचवायचंच, तिनं ठरवलं.

विमानाच्या दारात हवाई सुंदरी हसून म्हणाली, “आजी सीटपर्यंत चालतील ना?”

हा प्रश्न रोजचा, प्रत्येक दारातला, आणि खरं ते सांगून टाकायची तोफेची सवयही रोजची. तिची जीभ आजही तशीच सुटली, “नाही, अजिबात उभं राहता येत नाही.”

शब्द बाहेर पडल्यावर ते तिला ऐकू आले.

“सोबत कोण आहे?”

खुर्चीमागं तोफेशिवाय कुणीच नव्हतं. हवाई सुंदरीनं फोन उचलला, हळू आवाजात काही बोलली, आणि मान हलवली. “सॉरी आजी.”

ताईनं वळून बहिणीकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“चल ताई, घरी जाऊ,” तोफ कशीबशी म्हणाली.

“कुठल्या घरी?” ताई म्हणाली. “काल विकलं गं मी ते.”