सिस्टरबाई आणि तापलेला कॉम्प्युटर

सिस्टरबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या कॉम्प्युटरच्या कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरला कपाळ नसतं, हे मलाही कळतं. पण ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. किरनापूरहून टेम्पोत उन्हानं भाजत आलेला तो डबा मी त्यांच्या ओट्यावर ठेवला. त्यांनी पदर सावरला, हात उलटा केला, बोटांची मागची बाजू डब्याच्या वरच्या पत्र्याला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"याले ताप हाय," त्या म्हणाल्या. "आधी सावलीत घे. मंग तुझं नाव सांग."

"सिस्टरबाई, हे मशीन आहे."

"मंग? मशीनले ताप येत नाई काय? तुले येते, तसा तिलेबी येते. तू बोंबलतं, ते बिचारी बोंबलत नाई, एवढाच फरक."

खोली भाड्यानं मिळाली ती अशी. त्यांचं खरं नाव विमल डोंगरे. पण बालाघाटच्या त्या गल्लीत विमल डोंगरे कुठे राहतात असं विचारलं असतं, तर कोणी सांगू शकलं नसतं. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. रिटायर झाल्या, पण हात काही रिटायर झाला नाही. गल्लीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनी जन्मल्या जन्मल्या पालथं धरून रडवलेलं होतं, त्यामुळे कुणाच्याही घरात विचारल्याशिवाय शिरायचा त्यांना परवाना होता. सकाळ-संध्याकाळ त्यांचा 'राउंड' निघायचा. फक्त पेशंट बदलले होते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, फ्रिजची मागची जाळी, सगळ्यांना उलटा हात लागायचा.

शेजारचे बोपचेकाका दिवसभर बातम्या बघत. सिस्टरबाई आधी त्यांच्या कपाळाला हात लावायच्या, मग टीव्हीच्या पाठीला. "दोघंबी तापले," असं म्हणून बटण बंद करायच्या. काका ओरडायचे, "अवो, पण मतमोजणी सुरू आहे!" त्यावर उत्तर ठरलेलं: "मोजू द्या त्याईले. तुमी काय मदत करून राह्यले त्याईची?" टीव्ही बंद झाल्यावरही त्याची लाल बत्ती जळत राहिली, तर सिस्टरबाई परत यायच्या आणि प्लगच उपटून टाकायच्या. "लाल डोळा उघडा हाय म्हनजे झोपला नाई, सोंग करून राह्यला," हे त्यांचं निदान.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी लग्नाच्या फिल्मा बनवतो. शूटिंग करतो आणि मग हळदीपासून बिदाईपर्यंतचे सगळे तुकडे कॉम्प्युटरवर जोडतो. शेवटी सगळं एकजीव करायला मशीन तासन्‌तास एकटं राबतं, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. त्या वेळी ते इतकं तापतं की खोलीत बसणाऱ्यालाच ताप चढल्यासारखं होतं. माझ्या बाबांचं किरनापूरला किराणा दुकान. त्यांनी मला एकाच बोलीवर बालाघाटला सोडलं होतं. "एक लग्नसराई काढून दाखव. नाई जमलं, तर मुकाट गादीवर येऊन बस. आपली हळद-मिर्ची कधी तापून बंद पडत नाई." ती दुकानातली गादी, मिरचीची शिंक आणि 'भाऊ, पाव किलो पोहे' हे सगळं माझ्या स्वप्नात यायचं. मला तिथं परत जायचं नव्हतं. काहीही झालं तरी नव्हतं.

हिवाळ्यात सिस्टरबाईंचं आणि माझ्या मशीनचं मेतकूट जमलं. बालाघाटची थंडी काही साधी नाही, जंगलातून येते. माझी वरची खोली मात्र मशीनमुळे उबदार असायची. सिस्टरबाई दुखरे गुडघे घेऊन जिना चढायच्या आणि मशीनजवळ पाय करून बसायच्या. दह्याचं विरजण त्या माझ्या यूपीएसवर ठेवायला लागल्या. दही असं लागायचं की सुरीनं कापावं. "तुझ्या मशीनचा हात गरम हाय," असं कौतुकही व्हायचं.

एकदा लांजीचं एक लग्न आटोपून आलो तर मशीन बंद. आणि मशीनच्या अंगात कुंची! हो, तान्ह्या बाळाला घालतात ती कुंची, टोपीसकट, मागे झालर, जुन्या शालीची शिवलेली, बंद गळ्याशी घट्ट बांधलेले. हवा यायची-जायची सगळी भोकं त्या मायेखाली बुजून गेली होती. मी कुंची सोडली तर आतून तव्यासारखी वाफ आली.

"सिस्टरबाई, हे काय केलं तुमी!"

"थंडीत उघडं ठेवते काय कोनी लेकराले?"

मग त्यांनी स्वतःच उलटा हात लावला आणि चटकन मागे घेतला. "चुकलं माह्यं," त्या म्हणाल्या. "तापाच्या पेशंटवर गोधडी टाकली मी. काल ड्यूटीवर आलेली पोरगीबी असं करत नाई." मशीन दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पण ती कुंची त्यांनी शेजारच्या एका तान्ह्या पोराला दिली आणि त्यानंतर चार दिवस मला भाजी पाठवत होत्या.

एप्रिल लागला आणि माझे खरे हाल सुरू झाले. वरच्या खोलीवर सिमेंटची गच्ची, तिच्यावर दिवसभर ऊन. आत मशीन, दोन स्क्रीन, यूपीएस, राउटर, चार्जर आणि मी. रेंडर अर्ध्यावर आलं की मशीन तापून आपोआप बंद. पुन्हा पहिल्यापासून. त्यातच लांजीच्या एका पाटलांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म माझ्याकडे होती. मुलगी मांडवपरतणीला पहिल्यांदा माहेरी येणार, त्या दिवशी अंगणात पडदा लावून साऱ्या गावाला फिल्म दाखवायची, असं त्यांनी सोयऱ्यांना सांगूनच टाकलं होतं. ती फिल्म झाली नाही, तर लांजी-किरनापूरच्या रस्त्यावर माझं नाव कोणी घेणार नव्हतं. बाबांना तर नातेवाइकांकडून त्याच दिवशी कळलं असतं. मी पत्रा काढून मशीन उघडं केलं, टेबलफॅन लावला, बर्फाची पिशवीसुद्धा मशीनखाली ठेवून पाहिली. ढिम्म.

सिस्टरबाईंनी स्वतःचा कूलर वर चढवला. ऊन घुसू नये म्हणून खिडक्या गच्च बंद केल्या, दाराला ओली चादर लावली. तासाभरात खोलीत पावसाळा आला. माझा शर्ट अंगाला चिकटला, भिंती ओल्या, आणि मशीन पुन्हा गप्प. मी डोकं धरून बसलो. "जाऊ द्या सिस्टरबाई. बाबांना फोन करतो. गादी झटकून ठेवा म्हणतो."

"चूप बस. पेशंट अजून जिवंत हाय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि हात लावत सुटल्या. मशीन, पहिली स्क्रीन, दुसरी स्क्रीन, यूपीएस, राउटर, चार्जर, शेवटी माझं कपाळ. मग बोलायला लागल्या. "तुह्या पंख्यानं डब्याचा ताप काढला. टाकला कुठं? याच खोलीत. खोलीनं टाकला तुह्या अंगावर. तू टाकला भिंतीवर. अन गच्ची वरून टाकून राह्यली ते वेगळंच. अरे, ताप बाहेर निघालाच नाई, तो घरातल्या घरात पाहुणा फिरून राह्यला. अन एका खोलीत किती जन भरती केले तू! ज्याची ड्यूटी नाई, त्यानं वॉर्डात थांबाचं नाई."

दुसरी स्क्रीन गेली. चार्जर गेले. स्पीकर गेले. मी कौतुकानं बघत उभा होतो, तर त्या माझ्याकडे वळल्या. "तुहीबी ड्यूटी नाई. तू बी तापून राह्यला. चाल, निघ."

मग त्या खाली गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "याले माह्या खोलीत हलवाचं."

त्यांची खोली मागच्या अंगणाकडची. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, बाहेर कडुनिंब आणि समोरासमोर दोन खिडक्या. अख्ख्या घरात थंड अशी तीच एक जागा. मी म्हटलं, "आणि तुम्ही कुठे झोपाल?"

"वर."

"त्या भट्टीत? सिस्टरबाई, नको. मी किरनापूरला जातो, पण हे नको."

"पेशंट सिरीयस असला की सिस्टरनं पलंग पाहाचा नसते," त्या म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्याच्या उशाशी बसली मी. मले काय होते?" मला रडू आलं. ते त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "रडू नको, खोलीत ओल वाढते."

मशीन खाली नेलं तेव्हा बोपचेकाका आणि मी ते दोन बाजूंनी धरलं होतं, आणि सिस्टरबाई पुढे चालत हात हलवत होत्या, "सरका, सरका, हवा येऊ द्या!" गल्लीतले लोक खरंच सरकले. एका बाईनं तर कोण गेलं म्हणून विचारलं.

दोन्ही खिडक्या उघड्या, कूलर एका खिडकीत बाहेरून हवा ओढणारा, दुसरीतून गरम हवा बाहेर. रेंडर एका दमात पार पडलं. मांडवपरतणीला लांजीच्या अंगणात साऱ्या गावानं फिल्म पाहिली आणि वरातीचा भाग दुसऱ्यांदा लावायला लावला. सिस्टरबाईंनीही पाहिली. नवरीपेक्षा त्यांचं लक्ष वरमायेकडे होतं. "हिले बीपी हाय," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी बाबा बालाघाटला आले. मला वाटलं, न्यायलाच आले. ते मागच्या खोलीत गेले, मशीनकडे बघत राहिले, मग सिस्टरबाईंसारखाच उलटा हात त्याला लावला. "थंड हाय," ते म्हणाले. चहा प्यायले, दोन किलो हळद ठेवली आणि गेले. दुकानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पाऊस लागला तरी सिस्टरबाईंनी खोली परत मागितली नाही. "बरं होऊन राह्यलेल्या पेशंटले हलवू नये," म्हणून त्या वरून उतरून समोरच्या खोलीत राहायला लागल्या. पुढे गुडघे फारच बोलायला लागले, तेव्हा मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग मशीनच्या. ऑटोत बसल्यावर ओरडून सांगितलं, "खिडक्या दोन्ही उघडायच्या! एक नाई!"

फोन यायचे. फोनवर बोलायचीही त्यांची रीत होती. आधी मशीनची चौकशी, मग माझी. आणि फोन कानाला जरा कोमट लागला की वाक्य अर्ध्यावर टाकून "तापला, ठेवते" म्हणून बंद. त्यांचं एकही बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

यंदा उन्हाळा लागताना त्यांचे जावई एका दलालाला घेऊन आले. घर पाहिलं, मागची खोली पाहिली, टेप लावून मोजली. मी काय ते समजलो. ही खोली गेली, की माझं मशीन पुन्हा कुठल्यातरी गच्चीखाली, आणि मी परत किरनापूरच्या गादीवर. संध्याकाळी सिस्टरबाईंचा फोन आला. मशीन बरं आहे सांगितलं आणि म्हटलं, "जावई येऊन गेले. खोली कधी खाली करू?"

"काहून खाली करतो?" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की बोपचेकाकांनी खिडकीतून डोकं काढलं. "मी पोरीले अन जावयाले सांगतलं, त्या खोलीत माह्या पेशंट भरती हाय. सुट्टी मी देते, दलाल नाई देत. अन घर माह्या नावावर हाय."

मी फोन कानाला धरूनच मागच्या खोलीत गेलो आणि दोन्ही खिडक्या उघड्या आहेत ना ते पाहून आलो. माझा फोन चांगलाच तापला होता, म्हणजे त्यांचाही तापला असणार. आता 'ठेवते' म्हणतील, म्हणून मी थांबलो.

"सिस्टरबाई, फोन तापला असेल तुमचा."

"हौ, कवाचाच तापला," त्या म्हणाल्या. "तापू दे. अंगनातल्या कडुनिंबाले फुलं आली काय, ते सांग."