शिंपीणबाई बारावीला बसतात

पन्नाशीत बारावीला बसलेल्या शिंपीणबाईंची गाडी एकाच ठिकाणी अडली होती.

"अगं, बंध तुटला की ऊर्जा सुटणारच ना?" त्यांनी सुनेला विचारलं. सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं फ्रीजवरची दोन चुंबकं एकमेकांना चिकटवून त्यांच्या हातात दिली.

"ओढा, आई."

बाईंना चांगलाच जोर लावावा लागला. सोडताच चुंबकं खटकन जुळली.

"तोडायला ऊर्जा लागते, जुळताना ती सुटते. एकेक मोल हायड्रोजन आणि क्लोरीनचे बंध तोडायला ६७८ किलोज्यूल लागतात. नवे बंध जुळताना ८६२ सुटतात."

"म्हणजे वरचे १८४ उष्णता होऊन बाहेर पडतात!"

परीक्षेतल्या अभिक्रियेत मात्र तोडायलाच जास्त ऊर्जा लागत होती. बाईंनी न डगमगता लिहिलं, 'ही उष्णता शोषते.'

निकालाच्या दिवशी सून कॉलेजभर सांगत सुटली, "आमच्या सासूबाई पास झाल्या!"