बाबांचं चालणं

सकाळी ऑफिसला निघत होते तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. न्यूमोनिया बळावला होता, बाबा गेले होते. त्याला सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "सुटले बिचारे." मी मान डोलावते आणि आतून चिडते. सुटायला आधी अडकावं लागतं, आणि त्यांना अडकवलं होतं मी.

बाबा म्हणजे माझे सासरे. नागपूरला मोजणी खात्यात होते. अख्खा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस. सासूबाई गेल्यावर, २००४ साली, आम्ही त्यांना लंडनला, पिनरच्या आमच्या घरी आणलं. वर्षभरात विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ते, मग माझं नाव. चालणं तेवढं विसरले नाहीत. कौन्सिलने चाकांचा वॉकर दिला, तर त्यावर पंचा वाळत घालायचे. "हे म्हाताऱ्यांना द्या," म्हणायचे. दोनदा पडले, तरी तोरा तोच! घरी येणाऱ्या फिजिओबाईंनी मला बजावलं होतं, "त्यांना चालू द्या. पाय थांबले की सगळंच थांबेल."

एकटे बाहेर पडू नयेत म्हणून दाराशी अलार्मची मॅट आली. तिच्यावर पाय पडला की वरच्या खोलीत घंटा वाजणार. मी ती पायपुसण्याखाली, अगदी उंबऱ्याला चिकटवून ठेवली आणि वीसदा तिच्यावर उभी राहून पाहिलं. दर वेळी वाजली. मी निर्धास्त झाले.

जानेवारीतल्या एका दुपारी वर काम करत होते. चहाचं विचारायला खाली आले तर दार सताड उघडं, वॉकर जागच्या जागी, बाबा नाहीत. घंटा वाजलीच नव्हती. फुटपाथवर बर्फ गोठलेला... नवऱ्याला, शिरीषला, फोन केला. "आधी पोलिसांना कॉल कर, मी ट्रेनमध्येच आहे," तो ओरडला. पोलिसांना कळवून मी स्लिपर्सवरच धावत सुटले. प्रत्येक कोपऱ्यावर वाटायचं, आता ते पडलेलेच दिसणार. पाऊण तासाने बस स्टॉपवर सापडले. एका गुजराती बाईंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. पायात नुसते मोजे. मला पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाला शोधताय?"

मॅट तपासली, तर ठणठणीत. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा दाराकडे निघाले, तेव्हा मी मागे उभी राहून पाहिलं. पायजमा किंचित वर धरला, लांब ढांग टाकली आणि थेट पलीकडे! इथला उंबरा म्हणजे बोटभर पट्टी. पण उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे त्यांच्या पायांना पक्कं ठाऊक होतं. मीही कधी देत नाही. तरी मला सुचलं नाही.

मॅट हातभर आत सरकवली असती तर भागलं असतं. पण माझी भीती जाईना. मी ती त्यांच्या खुर्चीपुढेच टाकली. ते उठले की घंटा, घंटा झाली की मी धावत, "बसा, बाबा, बसा!" शिरीष एकदा म्हणाला, "अगं, जरा रिलॅक्स हो." मी त्याच्यावरही ओरडले. महिन्याभरात बाबांनी उठायचंच सोडलं. घंटा वाजेनाशी झाली आणि मला... हो, बरं वाटलं. फिजिओबाई आल्या, बाबांच्या मऊ पडलेल्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. एप्रिलमध्ये ताप आला; बसून बसून छातीत कफ साठला होता.

मॅट कौन्सिलने परत नेली. खुर्ची खिडकीशी तशीच आहे. काल घरात कोणी नव्हतं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, हात पुढे केला आणि मोठ्याने म्हटलं, "उठा, बाबा. चला, फिरून येऊ."