भट्टीतून लाल निघालेल्या पट्ट्या

आमचे मॅनेजर साठे साहेबांनी भट्टीतून काढलेला ट्रे टेबलावर ठेवला आणि दोऱ्याला बांधलेलं चुंबक पट्ट्यांवर धरलं. चुंबक सरळ लोंबत राहिलं. आत ठेवताना काळ्या असलेल्या पट्ट्या बाहेर विटकरी लाल निघाल्या होत्या.

"कांबळे मॅडम, हे काय झालं?"

"गेरू झाला, सर," मी म्हटलं.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. रांजणगाव एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. मी मूळची दौंडची, या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होते. सेन्सरसाठी लागणाऱ्या पातळ सिरॅमिक पट्ट्यांवर आम्ही चुंबकीय थर छापायचो. छपाई लग्नपत्रिकेसारखीच, जाळीच्या स्क्रीनमधून. फक्त शाईत रंगाऐवजी मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचे कण. साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसणार नाहीत इतके बारीक, म्हणून त्यांना नॅनो म्हणतात. सोबत थोडी काचेची पूड आणि सगळं धरून ठेवणारा चिकट बाइंडर. भट्टीत बाइंडर उडून जातो, काच वितळते आणि थर पट्टीवर पक्का बसतो.

आधीचा लॉट आम्ही कमी तापमानाला काढला होता. त्याला चुंबक छान ओढायचं, पण थर नखानं खरवडला की निघायचा. पुण्याच्या कस्टमरनं तो परत पाठवला. म्हणून तापमान वाढवलं. आता थर नखाला दाद देत नव्हता, पण चुंबकत्व गेलं होतं.

"पुढच्या आठवड्यात कस्टमर स्वतः येतोय," साहेब म्हणाले. "आता जमलं नाही तर प्रिंटिंग सेक्शन बंद. वरून स्पष्ट सांगितलंय."

प्रिंटिंगला सगळ्या बायकाच होत्या. शोभाताई त्यांच्या लाइन लीडर, शिरूरहून कंपनीच्या बसनं यायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मॅडम, सेक्शन बंद व्हनार म्हंत्यात. खरं हाय का?"

"होऊ शकतो, ताई."

"मग आत्ताच सांगा. पोरी दुसरीकडं अर्ज तरी टाकत्याल."

"थोड्या ट्रायल बाकी आहेत. तोवर थांबा."

"तुमाला वाटतंय जमंल?"

"वाटतंय."

नुसता धीर द्यायला बोलले नव्हते. घोटाळा कुठं आहे ते मला दिसत होतं. भट्टीत हवा होती. तापलेलं मॅग्नेटाइट हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचं लाल ऑक्साइड होतं. गेरूत असतं तेच. त्याला चुंबक जवळजवळ ओढत नाही. मोठ्या खड्यात हा बदल बाहेरून आत सावकाश सरकतो. आमचे कण एवढे छोटे, की त्यांना आतला भाग असा नव्हताच. उष्णता तर हवीच होती. ऑक्सिजन नको होता.

भट्टीत हवेऐवजी भरायला मी नायट्रोजनचे सिलिंडर मागवले. भट्टीच्या दाराचं पॅकिंग बदललं. पहिल्या ट्रायलला पट्ट्या काळ्याच निघाल्या आणि चुंबक त्यांच्याकडे झेपावलं. पण थरावर बारीक फोड होते. घाईनं तापवल्यामुळे बाइंडरची वाफ आत कोंडली होती.

पुढच्या वेळी तापमान अगदी सावकाश चढवलं. फोड गेले. पण दाराजवळच्या पट्ट्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या.

"भट्टी गरम असताना दार कुणी उघडलं?" मी विचारलं.

मग साठे साहेब घसा खाकरून म्हणाले, "मी. जरासंच बघितलं."

"सर, थंड होतानाही आत नायट्रोजनच लागतो."

"राहवलं नाही हो."

"सायेब," शोभाताई म्हणाल्या, "पुढच्या टायमाला तुमी कँटीनला जाऊन बसा. च्या मी पाठवते."

सगळ्या हसल्या, साहेबही हसले. आणि पुढच्या ट्रायलला ते खरोखर कँटीनला जाऊन बसले.

तो ट्रे कस्टमर येण्याच्या आदल्या दिवशी निघाला. पट्ट्या काठापर्यंत काळ्या, गुळगुळीत. शोभाताईंनी एक पट्टी नखानं जोरात खरवडली, उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरले होते. माझंही काही वेगळं नव्हतं.

कस्टमरच्या इंजिनिअरनं थरावर टेप चिकटवून खसकन ओढली. टेप कोरी निघाली. मग त्यानं सोबत आणलेल्या मीटरवर पट्ट्यांचं चुंबकत्व तपासलं. तेही हवं तेवढं भरलं.

"असा माल दर वेळी देता येईल?"

साठे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "दार बंद ठेवलं तर येईल."

आधी छोटी ऑर्डर आली, मग नियमित. सेक्शन चालू राहिला. एकीलाही दुसरीकडं अर्ज टाकावा लागला नाही. मी कंपनी सोडली तेव्हा शोभाताई नव्या बायकांना छपाई शिकवत होत्या.

तापमान किती ठेवलं होतं, हे मला अजूनही पुष्कळ जण विचारतात. भट्टीत हवा होती का, असं विचारणारा क्वचितच भेटतो.