सहा सामने आणि एक मत

आमच्या कोचनी काम सोडलं तेव्हा लीगचे सहा सामने उरले होते, आणि दहा संघांत आम्ही नववे होतो. शेवटचे दोन संघ खालच्या, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनला जातात. कोचचाही इलाज नव्हता. रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी बायकोसमोरच बजावलं होतं, की मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणं आता बंद. त्यांनी मला फोन केला, कारण क्लबचा सेक्रेटरी मी. फोन ठेवला आणि मी ऑफिसच्या जिन्यावर उगाचच दोन मजले वर गेलो, दोन मजले खाली आलो.

आमचा क्लब करी रोडचा. आजोबांच्या पिढीने, गिरणीत पाळ्या सांभाळून, सुरू केलेला. आसपासची मंडळं कबड्डीची आणि क्रिकेटची. आमच्या चाळीत फुटबॉल कुठून शिरला ते आता कोणालाच नीट सांगता येत नाही. चाळीच्या जागी टॉवर झाला, क्लबला पार्किंगच्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथे टीव्ही आहे, दोन बाक आहेत, जर्सी वाळत घालायची दोरी आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहाजण तिथे इंग्लंडचे सामने बघतो. सगळे चाळिशी-पन्नाशीतले. वर पहिला नंबर कोणाचा, यात आम्हाला कधी फारसा रस नव्हता. आमचं लक्ष तळाच्या संघांकडे. कोण वाचणार, कोण जाणार, कुठला मॅनेजर, म्हणजे तिकडचा मुख्य कोच, कधीच काढायला हवा होता. एकाचं म्हणणं, अशा वेळी जुना-जाणता माणूस लागतो. आधी गोल खाणं बंद करा, मग बाकीचं. दुसऱ्याचं म्हणणं, बाहेरचा आणा, ज्याला ड्रेसिंग रूममधल्या जुन्या भांडणांशी देणंघेणं नाही. तिकडच्या मोठमोठ्या मॅनेजरांना आम्ही चहा पिता पिता काढत होतो आणि नेमत होतो. आता एक माणूस आम्हाला खरोखर निवडायचा होता.

दोन नावं पुढे आली. एक माझा मोठा भाऊ. आम्ही तिसऱ्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात चढलो त्या वर्षी दादा संघाचा कॅप्टन होता. उंच, मागे खेळणारा, डोक्याने बॉल मारण्यात पटाईत. अजूनही लालबागच्या बाजारात एखादा म्हातारा त्याला थांबवून त्या सामन्याबद्दल बोलतो. दादाने नोकरीतून नुकतीच मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. दुसरं नाव वरळी कोळीवाड्यातल्या एका मुलीचं. मुलगी म्हणजे तिशीच्या पुढची. माहीमच्या एका शाळेत ती पीटी शिकवायची, महिला लीगमध्ये खेळलेली होती आणि कोचिंगचा कोर्स रीतसर पास झाली होती. आमचे तीन खेळाडू तिचेच विद्यार्थी. तेच तिला मॅडम म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

रविवारी सकाळी, सरावानंतर, कमिटीने दोघांनाही बोलावलं. कमिटी पाच जणांची. दादा आधी आला. त्याने काही आणलं नव्हतं आणि आणायची गरजही नव्हती. सगळे त्याला लहानपणापासून ओळखत होते. पोरांमध्ये जिद्द राहिलेली नाही, ती मी आणतो, असं तो म्हणाला आणि पाच मिनिटांत उठला. मॅडम आल्या त्या एक शाळकरी वही घेऊन. आमचे मागचे तीन सामने त्यांनी प्रेक्षकांत बसून पाहिले होते, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. वहीत प्रत्येक गोल कसा झाला त्याची आकृती होती. त्या म्हणाल्या, की तुमचे मागचे चारजण फार खोल उभे राहतात, कारण त्यांना गोलकीपरचा भरवसा नाही. आणि गोलकीपर वाईट नाही. लांबून मारलेला बॉल त्याला उशिरा दिसतो.

"त्याचे डोळे तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "कोच कोणालाही करा, पण ते आधी करा."

मला त्याच क्षणी कळलं होतं की हीच ती. हे मी आज लिहितोय म्हणून म्हणत नाही. तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच मी अडचणीत आलो. कारण आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. आम्ही एकाच टॉवरमध्ये राहतो, ते अकराव्यावर, आम्ही सातव्यावर. वहिनी सहसा काही मागत नाहीत. त्यांनी सांगितलं, की दादा सकाळी उठून तयार होतो, बूट घालतो आणि हॉलमध्ये बसून राहतो. कधी दाराशी जाऊन परत येतो. कोणी काही विचारलं तर अंगावर येतो. शेवटी त्या म्हणाल्या, "भावोजी, एवढं काम त्यांना मिळू दे. बाकी मी तुम्हाला काही म्हणणार नाही."

मतं घेतली. दोघांनी मॅडमसाठी हात वर केला, दोघांनी दादासाठी. चौघे माझ्याकडे बघायला लागले. मी जर्सीच्या दोरीकडे बघत म्हणालो, की सहाच सामने आहेत, घरचा माणूस बरा. मॅडम बाहेर, गाड्यांच्या मधल्या जागेत उभ्या होत्या. निरोप द्यायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, वही पिशवीत टाकली आणि पुन्हा एकदा गोलकीपरच्या डोळ्यांची आठवण केली.

दादा मात्र बदलला. सहाला मैदानावर हजर, शिट्टी गळ्यात. वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या की हसायच्या. पहिला सामना आम्ही बरोबरीत सोडवला, दुसरा जिंकलो, आणि खोलीतले सगळे म्हणायला लागले की बघा, जुना माणूस तो जुना माणूस. मीही म्हणालो. पण मला चैन पडेना. मी दिवसातून पंधरा-वीस वेळा मोबाइलवर पॉइंटचा तक्ता उघडायचो, जसा काही दुपारच्या जेवणापर्यंत तो बदलणार होता. मीटिंगमध्ये बसून कागदाच्या कडेला आकडे मांडायचो: आम्ही बरोबरी केली आणि ते हरले तर. बायको म्हणाली, तू घरात असून नसतोस. खरंच होतं ते.

डोळ्यांचं मी दादाला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तो हसला. म्हणाला, ती कोच आहे की चष्म्याच्या दुकानातली? दुसऱ्यांदा चिडला. मग मी विषय सोडला. तिसऱ्या सामन्यात अर्ध्या मैदानाच्या थोडं पुढून एकाने सहज म्हणून बॉल उचलून मारला आणि तो आमच्या गोलकीपरच्या खांद्यावरून आत गेला. त्याने हात वर केले तेव्हा बॉल जाळीत होता. दादा त्याच्यावर संपूर्ण मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला कोणालाही न सांगता परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. एका डोळ्याचा नंबर चांगलाच निघाला. खेळताना चालतील अशा लेन्स मिळून त्यांची सवय होईपर्यंत आणखी दोन सामने गेले, आणि दोन्ही आम्ही हरलो.

शेवटचा सामना जिंकलो असतो तर वाचलो असतो. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. टॉवरमधले जवळजवळ सगळे आले होते. ज्यांनी वर्षभरात आमचा एक सामना पाहिला नव्हता तेही. विसाव्या मिनिटाला आम्ही कॉर्नरवर गोल केला. दादाने शिकवलेला, त्याच्याच जुन्या पद्धतीचा, डोक्याने. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. हाफ टाइमनंतर दादाने सगळ्यांना मागे ओढलं. एक गोल राखायचा, बस. आमची मुलं आपल्याच गोलसमोर गर्दी करून उभी राहिली आणि समोरचा संघ त्या गर्दीत बॉल टाकत राहिला. मी कडेने चालत होतो, कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत आणि परत. मला दिसत होतं की हे टिकणार नाही. दादालाही दिसत असणार. पण दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्याच्या उभं राहण्यातून मला कळत होतं: हात कमरेवर, मान जराशी पुढे, लहानपणी गणित अडलं की तो असाच उभा राहायचा. दहा मिनिटं उरली असताना बरोबरी झाली. मग सगळे पुढे धावले आणि मागे कोणीच उरलं नाही. आम्ही दोन-एक हरलो.

मुलं बॅगा भरून निघाली आणि आम्ही दोघे परळच्या मैदानावरून चालत घरी निघालो. अर्ध्या रस्त्यात तो थांबला. घरात आम्ही मालवणी बोलायचं आई गेल्यापासून जवळजवळ सोडून दिलंय, पण तो मालवणीत बोलला.

"माका मत कित्याक दिलंस? खरा काय तां सांग."

मी म्हणालो, तू आमचा कॅप्टन होतास म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी वहिनींचं सांगितलं. बूट घालून बसण्याचं, दाराशी जाऊन परत येण्याचं, सगळं. सांगताना मला वाटलं तो रागावेल. तो बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

"म्हणजे तुला माहीत होतं की मला जमणार नाही," तो म्हणाला.

"माहीत नव्हतं. भीती होती."

"आणि त्या पोरांचं काय?"

आमच्या संघातल्या दोघांना पुढच्या वर्षी वरच्या डिव्हिजनचे क्लब बघायला येणार होते. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये कोणी बघायला येत नाही.

दोन आठवडे दादा खोलीत फिरकला नाही. मग एका सकाळी त्याने मला खाली बोलावलं आणि म्हणाला, त्या मॅडमकडे जा, माफी माग, आणि पुढच्या वर्षी येतात का विचार. मी कोळीवाड्यात गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मासळीची टोपली आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मॅडम घराबाहेर जाळं दुरुस्त करणाऱ्या वडिलांशेजारी बसून शाळेच्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, की माझ्याविरुद्ध तिसरं मत कोणाचं होतं. मी सांगितलं, माझं. का, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुलींचा एक संघ मी आता घेतलाय, म्हणाल्या, तो सोडणार नाही. मग म्हणाल्या, "एका रविवारी येते. जे पाहिलं ते सांगते. तुमच्या भावालाही बोलवा."

दादा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला, आणि मुलांमध्ये, मागच्या चौघांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मॅडमनी त्याला इकडे सरका, तिकडे सरका म्हटलं आणि तो सरकत राहिला, पोट सांभाळत, धापा टाकत. साडेआठला त्या माहीमला मुलींच्या सरावाला निघून गेल्या. जाताना दादाने त्यांना कोर्सचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं.

तो कोर्सला बसला आणि लेखी परीक्षेत नापास झाला. आता पुन्हा बसणार आहे. वहिनी सांगतात की तो हॉलमध्ये जेवणाचं टेबल अडवून बसतो, आणि मिठाच्या-मसाल्याच्या बरण्यांचे खेळाडू करतो, त्यामुळे स्वयंपाकात एकही वस्तू जागेवर सापडत नाही. आमच्याकडे अजून कोच नाही. तिसऱ्या डिव्हिजनचा पहिला सामना पंधरा दिवसांवर आलाय. काल खोलीत पुन्हा तोच वाद झाला, घरचा की बाहेरचा. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, या वेळी मत द्यायचं तर आधी सगळ्यांनी आपल्या संघाचे पहिले तीन सामने बसून पाहायचे, आणि मॅडमसारखे वहीत लिहायचे. दोघांना ते पटलं, दोघांना नाही.