नणंदेच्या राखणीतली चारोळी

अमरावतीच्या आमच्या तरुण मंडळात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मला राग लवकर येतो आणि तो कागदावर सरळ उतरतो, एवढीच माझी लायकी. साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या एका सभेत एक पुढारी म्हणाले, मेळघाटातल्या कोरकूंना जंगल सांभाळायची शिस्त शिकवली पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभं राहून विचारलं की तुमच्या बंगल्याचं सागवान कुठल्या शिस्तीनं आलं? मला खाली बसवण्यात आलं.

म्हटलं, आता कोरकूंची शिस्त स्वतः जाऊन पाहायची आणि पत्रक काढायचं. वडील वकील. साक्षीदार तपासल्याशिवाय कागद काळा करायचा नाही, एवढ्या अटीवर त्यांनी परवानगी दिली. आईनं पिशवीत एवढा चिवडा भरला की परतवाड्यापर्यंत एसटीतले सगळे माझे नातेवाईक झाले.

मेळघाटातल्या एका कोरकू गावात मी जिच्याकडे उतरले ती माझ्याहून थोडी मोठी. नवरा लाकूडतोडीच्या कामावर लांब गेलेला. दरवर्षी गहू कापायला अचलपूरकडे जात असल्यामुळे ती वऱ्हाडी झकास बोलायची. मी लिहिताना दिसले म्हणून तिनं मला मास्तरीण करून टाकलं, आणि मग सगळ्या गावानं.

उन्हाळा होता, चारोळीची झाडं फळांनी लगडलेली. फळं अजून हिरवी. ती काळी होईपर्यंत आणि भुमका, म्हणजे गावचा पुजारी, पहिली ओंजळ देवाला वाहीपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. कुठल्या घराची कुठली झाडं हे ठरलेलं. माझ्या यजमानणीची झाडं ओढ्याच्या काठावर होती. पिकलेल्या चारोळीवरच तिचं वर्षाचं मीठ आणि अंगावरचं लुगडं यायचं. ओढ्यापलीकडे दुसरं गाव.

त्या वर्षी व्यापाऱ्यानं घाई केली. हिरवी चारोळीही घेतो म्हणाला. इकडे येऊन सांगायचा, पलीकडचे तोडून राहिले, तुमी काहून थांबले? तिकडे जाऊन तेच इकडचं सांगायचा. हिरव्या फळात बी भरलेलं नसतं आणि ओरबाडताना फांदी मोडते ती मोडतेच. म्हणजे या वर्षीचं गेलं आणि पुढचंही. माझं डोकं सणकलं. मी तिथंच बसून व्यापाऱ्याविरुद्ध पत्रक लिहिलं आणि यजमानणीला वाचून दाखवलं. तिला आवडलं. पण म्हणाली, इथं वाचता येते तो एकटा व्यापारीच, त्यालेच देऊन दे.

शेवटी दोन्ही गावचे म्हातारे कोरड्या ओढ्यातल्या दगडांवर बसले आणि त्यांनी जुनी रीत काढली. आमच्या झाडांची राखण पलीकडचे करणार, पलीकडच्यांची आमचे. ज्याच्या राखणीत हिरवं फळ तुटेल त्याच्या गावानं दोन्ही गावांना जेवण घालायचं. राखणदाराचं जेवण झाडवाल्याकडे. मला हे इतकं पसंत पडलं की मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

माझ्या यजमानणीचा चेहरा मात्र उतरला. तिच्या झाडांवर नेमली गेली तिचीच नणंद. ती पलीकडे दिलेली होती आणि लग्नातल्या कोंबडीच्या वाट्यावरून दोघींचा अबोला होता.

"गेली माही चारोळी," ती म्हणाली. "ते पाला बी ठेवणार नाई."

नणंद चटई आणि काठी घेऊन आली आणि झाडाखाली बसली. भावजयीला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, पाहुण्याले पाणी द्याची पद्धत हाये का इथं? तेव्हापासून दोघींच्या मधली पोस्टमन मी. भाकरी घेऊन जायचे, भाकरी करपली असा निरोप घेऊन यायचे, आणि खाणाऱ्याचं तोंडच करपलं असेल हे उत्तर परत न्यायचे. मंडळाचं काम करताना मी इतकी कधी चालले नव्हते.

मग व्यापाऱ्याचा माणूस तिथं आला. नणंदेला मीठ देऊ करत म्हणाला की झाडं तुझी नाहीत, नुकसान भावजयीचं, तुझं काय जातं? यजमानीण आणि मी कुडाआड कान देऊन उभ्या.

"झाड माह्या भावाचं हाये," नणंद म्हणाली. "भांडण वैनीशी हाये, झाडाशी नाई."

तरी त्यानं फांदीला हात घातला. तिनं अशी आरोळी ठोकली की ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं धावली. गडी पळाला, एक चप्पल ओढ्याच्या दगडांत ठेवून.

त्या दुपारी जेवण घेऊन यजमानीण स्वतः गेली. नणंदेनं घास घेतला आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, या वेळी थेट तिलाच.

"तो देऊन राहिला होता तं घ्याचं होतं," भावजय म्हणाली. दोघी हसल्या ते घास लागेपर्यंत.

फळं काळी झाली, भुमक्यानं ओंजळ वाहिली, तोडणी सुरू झाली. दोन्ही काठांवर एकही फांदी मोडलेली नव्हती. नणंदेची राखण संपली होती, पण ती घरी जाईना. खालून काठीनं दाखवायची, शेंड्यावरची राहू दे, पाखरायची हाये ते. भावजय वरून म्हणायची, मले शिकवू नको, आणि शेंडा सोडून द्यायची.

व्यापारी आला तेव्हा मी भाषणाच्या तयारीनंच पुढे झाले. तिथं चारोळीच्या मापाला मिठाचं माप मिळायचं, आणि मीठ मोजताना त्याचा अंगठा मापाच्या आत. मी तोंड उघडायच्या आत नणंदेनं त्याचं मनगट धरून अंगठा बाहेर काढला आणि तिथंच मांडी घालून बसली.

"झाडाची राखण झाली," ती म्हणाली. "आता मापाची."

त्यानं माप पुन्हा भरलं. शिगोशीग. भावजयीनं पदर पसरला.